धाकटीचे बुडबुडे

४ फेब्रुवारी

कोळसा! माझ्या धरणाला कोळसा म्हणाली ती — भर बैठकीत, साहेबांसमोर, आणि तेही हसून!

शब्दशः तसं नाही म्हणाली. "खालच्या धरणातून एका युनिट विजेमागे जेवढा वायू हवेत जाईल, तेवढा कोळशाच्या केंद्रातूनही जात नाही," असं म्हणाली. म्हणजे तेच झालं. मागे पडद्यावर रंगीत पट्ट्या. वरच्या खोऱ्यातली तीन छोटी धरणं — हिरवी, बुटकी, गुणी बाळं. आणि टोकाला माझी पट्टी. लालभडक, छताला टेकायची बाकी.

ती जागा मी शोधून चौदा वर्षं झाली. नदी डोंगर सोडून सपाटीला लागते तिथली ती चिंचोळी खिंड. खडक तपासला, पाणी मोजलं, तीन साहेब आले आणि गेले, प्रत्येकाला पहिल्यापासून पटवलं. धूर नाही, राख नाही, स्वच्छ वीज — हे या कार्यालयात पहिल्यांदा कुणी म्हटलं? मी! आणि आता मला शिकवणार की पाण्याखाली जंगल कुजतं, कुजलं की मिथेन सुटतो, आणि तलाव जेवढा पसरट, उथळ, कोमट तेवढा जास्त सुटतो!

माहीत आहे मला. एवढा सुटत नाही, इतकंच म्हणणं आहे माझं.

आणि ही शिकवणारी कोण, तर माझी सख्खी धाकटी जाऊ. दुसरं एखादं कार्यालय मिळालं नाही तिला!

५ फेब्रुवारी

तिला आज नाव ठेवलं — बुडबुडेबाई. मनातल्या मनात. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

रविवार. सगळे आमच्याकडे जेवायला. धाकटी आणि भाऊजी खालच्या मजल्यावरून भाजी घेऊन आले. सासूबाई राहतात आमच्याकडे, पण जीव सगळा खालच्या मजल्यावर. ती वर येताना जिन्यात चपला वाजल्या की त्यांचा चेहरा उजळतो. मी चोवीस वर्षं याच घरात चपला वाजवतेय.

जेवताना लेकीने विचारलं, "काकू, पाण्यातून वायू कसा काय निघतो?" झालं! तिने लोटा उचलला, शेजारी परात ओढली. "हे बघ, तेवढंच पाणी. लोट्यात ठेवलं तर जागा थोडी, बुडणारं गवत-झाडं थोडी. परातीत ओतलं तर किती पसरलं! तेवढं सगळं बुडलं, उन्हाने तापलं, कुजलं. वरची धरणं म्हणजे लोटे. खालचं धरण म्हणजे परात."

परात! माझ्या धरणाला परात म्हणाली, माझ्याच घरात, माझीच परात हातात घेऊन.

सासूबाई कौतुकाने बघत होत्या. "बाई बाई, किती सोपं करून सांगते! धरणाचं मला आज पहिल्यांदा कळलं." पहिल्यांदा! चौदा वर्षं याच टेबलाशी बसून मी काय सांगत होते मग? लेक म्हणाली, "काकू भारी आहे." ह्यांच्याकडे पाहिलं, म्हटलं नवरा तरी बाजू घेईल. हे म्हणाले, "भाजी मस्त झालीये."

भाजी तिची होती.

१२ फेब्रुवारी

साहेबांनी आज स्पष्ट केलं. आजवर ज्याला जे धरण आवडलं ते त्याने पुढे रेटायचं आणि नशिबात असेल ते उभं राहायचं, असं चालायचं. आता नाही. आता पूर्ण नदीचा आराखडा एकदम होणार — कुठली धरणं मिळून हवी तेवढी वीज देतील आणि कमीत कमी वायू सोडतील, ते बघून निवड. समितीने एका युनिटमागे वायूची मर्यादा ठरवली आहे. त्यावर गेलं ते धरण बाद. कायमचं. मार्चमध्ये निर्णय.

कल्पना कुणाची, हे साहेबांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडेच पाहिलं.

कल्पना चांगली आहे. इथे लिहिते, बाहेर मरेपर्यंत बोलणार नाही. हीच गोष्ट मला का सुचली नाही? मी एका खिंडीत चौदा वर्षं नाक खुपसून बसले आणि तिने येऊन सबंध नदी उचलली. आतून नुसता जाळ झालाय.

१७ फेब्रुवारी

सापडली! सापडली!

तिचे आकडे येतात जुन्या तलावावरून. तेही सपाटीवरचंच, पूर्वी कधीतरी बांधलेलं धरण. माती तीच, झाडी तीच, म्हणून तिथे मोजायचं आणि माझ्या धरणाला लावायचं. मोजायची रीत सोपी — मोठी नरसाळी पाण्यात उलटी तरंगत ठेवायची, वर पाण्याने भरलेली बाटली. तळातून बुडबुडे आले की नरसाळ्यात अडकतात, बाटलीत चढतात, पाणी खाली ढकलतात. जेवढी बाटली रिकामी तेवढा वायू.

आज नकाशा समोर ठेवून तिच्या नरसाळ्यांच्या खुणा बघत बसले. सगळीच्या सगळी एका टोकाला! ओढे येऊन मिळतात, गाळ-पाला आणून टाकतात, नेमकी तिथे. तिथे बुडबुडे निघणार नाहीत तर काय! मधला एवढा मोठा तलाव हिने सोडूनच दिला. होडीचा कंटाळा आला असेल राणीसाहेबांना.

साहेबांकडे गेले. शांतपणे, अगदी गोड आवाजात सांगितलं. साहेब म्हणाले, "मुद्दा आहे. मध्ये मोजून या."

चहा दोन कप प्यायले.

२१ फेब्रुवारी

जुना तलाव. पाणी काठोकाठ. दहा नरसाळी मधोमध लावून आले.

नाववाला सुद्धा तिचाच! "त्या बाई स्वतः वल्हं मारतात. एक नंबर मारतात." मग मीही घेतलं वल्हं. होडी गोल गोल फिरली, तळहाताला फोड आले, नाववाला तोंड फिरवून हसला. पण सोडलं नाही. विचारलं, "त्या बाईंपेक्षा बरं की वाईट?" म्हणाला, "तुमचा जोर चांगला आहे बाई." म्हणजे वाईट.

२४ फेब्रुवारी

मधल्या बाटल्या अजून पाण्याने जवळजवळ भरलेल्या! वायू नावाला. तिचं टोक आणि माझा मध्य मिळून सरासरी काढली — खालचं धरण मर्यादेच्या खाली. केसभर, पण खाली!

साहेब आकडा बघून म्हणाले, "हं. म्हणजे खालचं धरण जगलं म्हणायचं."

धाकटी शेजारीच उभी होती. चेहरा पडला, आणि मला — लिहायला लाज नाही — ते बघून फार बरं वाटलं. मग म्हणाली, "ताई, पाणी उतरतं तेव्हा एकदा मोजूया का? तलाव भरलेला असला की पाण्याच्या वजनाने तळ दाबलेला असतो. पाणी उतरलं की तो दाब जातो, आणि गाळात अडकलेला वायू सुटतो."

डाव हरल्यावर नवे नियम! म्हटलं, "तू मोज हो सावकाश. मार्च काही लांब नाही."

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, माझं धरण वाचलं. "बरं झालं," म्हणाल्या, आणि लगेच, "धाकटीला वाईट वाटलं असेल, नाही?" मी भांडी जरा जोरात आपटली.

३ मार्च

नरसाळी काढून आणायला गेले. एकटीच, म्हणजे मी आणि नाववाला.

धरणाच्या दारांची दुरुस्ती निघाली म्हणून पाणी सोडलं होतं. तलाव पुरुषभर तरी उतरलेला. काठाला चिखलाचा रुंद पट्टा, त्यावर होडी ओढत नेली. आधी वास आला. मग पाणी दिसलं.

उकळत होतं. भाताला आधण यावं तसं. टोकाला गाळ आहे तिथे तर होतंच, पण मध्येही — माझ्या दहा नरसाळ्यांच्या आजूबाजूला, लांबवर, जिथे बघावं तिथे. बाटल्यांत पाण्याचा थेंब नाही. दहाच्या दहा वायूने गच्च, शिवाय नरसाळ्याच्या कडेखालून बुडबुडे बाहेर सांडताहेत. किती निघाला हे मोजताही येणार नाही, कारण मोजमाप संपलं होतं.

नाववाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बाई, चला आता."

मी बसून राहिले. कारण मला जे दिसत होतं ते तलावापुरतं नव्हतं. इथे दारं बिघडली म्हणून पाणी उतरलं. माझं खालचं धरण दर उन्हाळ्यात निम्मं रिकामं होणार आहे. तसंच तर आखलंय मी! पावसात भरायचं, उन्हाळ्यात वीज कमी पडते तेव्हा सोडायचं. माझा सगळ्यात हुशार मुद्दा तोच, तीन साहेबांना त्यावरच पटवलं. म्हणजे दर वर्षी, दर उन्हाळ्यात, असं. केसभर खाली कसलं, मर्यादेच्या कितीतरी वर.

बाटल्यांची बुचं एकेक करून उघडली. फुस्स. दहा वेळा. आकडा कुठेच लिहिला नाही. इथेही लिहायला नको होतं.

५ मार्च

सांगायचं की नाही?

सांगितलं तर काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. पुन्हा पडदा, पुन्हा लाल पट्टी, या वेळी छत फोडून वर गेलेली. आणि ती शेजारी उभी, म्हणणार काहीच नाही, नुसतं समजूतदारपणे बघणार. "मी म्हटलं होतं ना ताई" हे न म्हणता म्हणायची कला आहे तिच्याकडे.

तिला सगळं मिळालंय. आल्या दिवसापासून. सासूबाई, माझी लेक, साहेब, तो नाववाला. सगळे आपणहून जाऊन तिच्या ओंजळीत पडतात. माझ्याकडे एक खिंड आहे. ती पण हिला द्यायची? माझ्या हाताने?

नाही सांगणार.

६ मार्च

लेकीने विचारलं, "आई, तुझ्या धरणात किती जंगल बुडेल गं?" आकडा सांगितला. ती "बाप रे" म्हणाली. मी म्हटलं, अभ्यास कर.

११ मार्च

झालं. समितीची बैठक झाली. मी जिंकले.

मी तयारीने गेले होते. ती पाणी उतरण्याचा मुद्दा काढणार, मी म्हणणार मोजलंय कुणी, दाखवा आकडा. वाक्यं पाठ होती. अध्यक्षांनी तिला उभं केलं. ती उठली आणि म्हणाली, "माझी मोजणी एकाच टोकाची होती. चूक माझी. ताईंनी मधलेही आकडे आणलेत, तेच धरावेत. खालच्या धरणाला माझी हरकत नाही." आणि बसली!

खालचं धरण आराखड्यात आलं. सही झाली. एका ओळीत चौदा वर्षांचं सोनं झालं.

आणि मग काय? बाहेर चहाला सगळे तिच्याभोवती! "काय मोठं मन!" "चूक अशी उभं राहून कबूल करायची म्हणजे..." साहेब तर मलाच येऊन म्हणाले, "असा प्रांजळपणा हल्ली दिसत नाही, नाही का?" जिंकले मी, आणि कौतुक तिचं! हरायचं तेही हिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

माझ्याशी तेवढं कुणी नीट बोललं नाही. बिस्किटं संपली होती.

१२ मार्च

यात कुठेतरी पाणी मुरतंय. ती सोडणारी नाही. भाऊजींनी टीव्हीचा रिमोट मागितला तरी कारण विचारते. आणि पाणी उतरण्याचा मुद्दा तिने स्वतः काढला होता ना? विसरली? ती?

१३ मार्च

गच्चीवर कपडे वाळत घालत होती. गाठलीच.

म्हटलं, "मागे का घेतलंस?" तोंडात चिमटा धरून म्हणाली, "बरोबर होते तुमचे आकडे." म्हटलं, "माझ्या डोळ्यांत बघून सांग."

चिमटा काढला तिने. हळूच म्हणाली, "तुम्ही नरसाळी आणायला गेलात ना, त्या दिवशी तलाव किती उतरला होता मला माहीत आहे, ताई. पातळी मला रोज फोनवर येते. तिथे काय दिसलं असेल तेही माहीत आहे."

पायाखालची गच्ची हलली माझ्या. "मग बोलली का नाहीस?"

"राहू द्या ना आता. एक धरण तर आहे."

"का पण?"

"ते नका विचारू." आणि भाऊजींचा शर्ट झटकून दोरीवर टाकला, जणू काही झालंच नाही.

एक धरण तर आहे! म्हणजे दिलं तिने मला. थाळीत उरलेलं वाढतात तसं. माझं चोरटेपण तिला आधीपासून ठाऊक, आणि त्यावर हिने पांघरूण घातलं! रागावली असती, साहेबांना सांगून मोकळी झाली असती तर मी भांडले असते, जगले असते. दया? हिची? अंगाची लाही लाही होतेय. मी जिना उतरून आले, आणि उभ्या उभ्या अर्धा तांब्या पाणी प्यायले, पण काही उपयोग झाला नाही.

१४ मार्च

साहेबांना सांगितलं. सगळं. उतरलेलं पाणी, दहा बाटल्या, फुस्स. "मी उघडून टाकल्या," म्हटलं. "आणि माझं धरण दर उन्हाळ्यात असंच उतरणार आहे."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग, "बाई, सही झाली होती हो. कशाला?"

त्यांना सांगितलं, काम चोख हवं म्हणून. इथे खरं लिहिते. जंगलासाठी गेले नाही, हवेसाठी गेले नाही. तिने दिलेलं नको होतं म्हणून गेले. एवढंच. तलावाचं पाणी खाली असताना पुन्हा मोजणी होणार, या वेळी आम्ही दोघींनी मिळून करायची, असा साहेबांचा हुकूम. माझ्यावर ठपका येणार तो वेगळा.

१९ मार्च

दोघी एका होडीत. दिवसभर. कामापुरतं बोललो. ती खरंच एक नंबर वल्हं मारते. डोळे फुटावेत माझे.

परत येताना चिखलात तिचा पाय रुतला. हात दिला मी. दिला म्हणजे द्यावाच लागला, आकड्यांची वही तिच्याकडे होती.

२८ मार्च

खालचं धरण बाद. वरची तीन आली. वीज जवळपास तेवढीच, वायू किती पटीने कमी. खिंड तशीच राहणार, मागचं जंगलही. पडद्यावर माझी पट्टी उभी होती तेव्हा मी ती नीट बघून घेतली. ती पट्टी लाल होती आणि बरोबर होती.

धाकटी हसली नाही. बैठक सुटल्यावर म्हणाली, "वरच्या तिन्ही धरणांची पाणी सोडायची वेळापत्रकं तुम्ही बसवाल का? ते मला येत नाही." खरंच येत नाही तिला, पहिल्या मसुद्यातच पाहिलं होतं. बघते म्हटलं. लगेच हो कशाला म्हणायचं!

घरी सांगितलं. लेक गळ्यात पडली. हे म्हणाले, "जाऊ दे." सासूबाई ऐकून आत निघून गेल्या. रडल्या असाव्यात. आनंदाने असेल, धाकटीचं झालं म्हणून.

३० मार्च

रविवार. सासूबाई परवापासून माझ्याशी बोलत नाहीत, धड जेवतही नाहीत. आज न राहवून विचारलं, आई, झालं काय? ताट सारलं त्यांनी. "तुझ्यासाठी बैठकीआधी धाकटीपुढे हात जोडले होते मी. सासू असून! तिला म्हटलं, तुला पुढे पुष्कळ मिळेल गं, माझ्या मोठीचं तेवढं एक राहू दे. आणि तू स्वतः जाऊन घालवून आलीस!"

माझ्या मोठीचं, म्हणाल्या.